बोलणाऱ्या रेडिओंचं डेडस्टॉक रजिस्टर

इतिहासाची साधनं तीन प्रकारची. भौतिक, लिखित आणि मौखिक. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी हे सांगता येईल, कारण परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा. माझ्या वर्गात तो बत्तीस वर्षं मीच काढत आले. उत्तरात शिलालेख, नाणी, ताम्रपट, बखरी, पोवाडे, ओव्या अशी नावं आली की गुण मिळायचे. पण ही तिन्ही साधनं एकमेकांशी भांडायला लागली तर काय करायचं, हे पाठ्यपुस्तकात फारसं नसायचं. कागद एक सांगतो, वस्तू दुसरंच सांगते आणि ज्यांनी बोलून दाखवायचं ती माणसं कधीच निघून गेलेली. मग खरं कुणाचं मानायचं?

हा प्रश्न मला निवृत्तीनंतर भेटला आणि तोही कुठे, तर अमेरिकेत, जुन्या रेडिओंच्या ढिगाऱ्यात. आज त्याबद्दलच लिहायचं म्हणतेय. विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. मी मराठी माध्यमातून बीए झालेली बाई. मला समजलं ते तुम्हाला नक्कीच समजेल.

आमचा मुलगा न्यू हॅम्पशायर राज्यात नॅशुआ गावी असतो. त्यामुळे अधूनमधून उन्हाळ्याचे चार-पाच महिने आमचा मुक्काम तिकडे. शेजारी एक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ राहतात. आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम केलं, आता एकटेच आहेत. त्यांच्या तळघरात भिंतीला लागून फळ्या आहेत आणि त्यांवर लोखंडी पेट्यांसारखे रेडिओ, एकूण एकेचाळीस. माझं इंग्रजी बेताचं आणि त्यांना ऐकू कमी येतं. मध्ये आमचा नातू दुभाषा. पण वस्तू दाखवणारा आणि वस्तू बघणारा दोघांनाही हौस असली की भाषेचं फारसं अडत नाही.

हे रेडिओ आपल्या घरातल्यासारखे नुसते ऐकायचे नव्हेत. हे बोलायचे रेडिओ. सिटिझन्स बँड, म्हणजे 'सीबी'. नागरिकांसाठी राखून ठेवलेला लहरींचा पट्टा. त्यातही हे घरात टेबलावर ठेवायचे मोठे संच. त्यांना तिकडे 'बेस स्टेशन' म्हणतात. मोटारीत बसवायचा छोटा तो मोबाइल आणि घरी ठेवायचा हा बेस. आणि हे सगळे व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे. बटण दाबलं की आत नारिंगी उजेड दिसतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटाने आवाज येतो. माझ्या पिढीला हे सांगायला नको. आमच्याकडेही व्हॉल्व्हचा रेडिओ होता आणि 'अजून तापला नाही, थांब' हे वाक्य लहानपणी रोज ऐकलंय.

आता थोडा इतिहास. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा अमेरिकेत एक कल्पना पुढे आली की रेडिओवर बोलण्याची सोय सामान्य माणसालाही द्यावी. ई. के. जेट हे तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचे, म्हणजे एफसीसीचे सदस्य. त्यांनी जुलै १९४५ मध्ये 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात या विषयावर लेख लिहिला होता. त्याआधी हातात धरून बोलायचा रेडिओ बनवणारे एक तरुण संशोधक होते, अल् ग्रॉस. त्यांनी युद्धानंतर सिटिझन्स रेडिओ कॉर्पोरेशन नावाची कंपनी काढली आणि १९४८ मध्ये त्यांच्या संचाला एफसीसीची मान्यता मिळाली. डिक ट्रेसी या चित्रकथेतल्या गुप्तहेराच्या मनगटावरच्या रेडिओची कल्पना चित्रकाराला ग्रॉस यांच्याकडेच सुचली होती. पण तो सुरुवातीचा पट्टा होता ४६० मेगाहर्ट्झच्या वर. त्या काळच्या तंत्राने तिथे चालणारं यंत्र महाग पडे आणि त्याचा पल्लाही फार नसे. कल्पना चांगली, पण घरोघरी पोचेना.

खरी गाडी सुरू झाली सप्टेंबर १९५८ मध्ये. एफसीसीने हौशी रेडिओवाल्यांकडचा, म्हणजे 'हॅम' मंडळींकडचा २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा तुकडा काढून घेतला आणि तो नागरिकांना दिला. त्यात २३ चॅनल. हॅम व्हायचं तर परीक्षा द्यावी लागे, मोर्सची कडकट्ट शिकावी लागे. सीबीला परीक्षा नाही. अर्ज भरा, परवाना घ्या आणि बोला. शक्तीची मर्यादा पाच वॉट. आपल्या झीरोच्या बल्बला त्याहून जास्त वीज लागते! तेवढ्यात गावभर, शेतापासून घरापर्यंत बोलता यायचं.

तर आता आपल्या तीन साधनांकडे येऊ.

पहिलं लिखित साधन, म्हणजे नियम. एफसीसीचे नियम वाचले तर वाटतं हा पट्टा अगदी कामापुरता होता. शेतकऱ्याने घरी कळवावं, दुकानदाराने माल पोचवणाऱ्या गाडीला निरोप द्यावा, डॉक्टरांनी दवाखान्याशी बोलावं. उगाच गप्पा मारायला मनाई. दुसऱ्या परवानाधारकाशी बोलणं पाच मिनिटांत आवरायचं. दीडशे मैलांपलीकडच्या माणसाशी बोलायचंच नाही. बोलताना आपला परवाना क्रमांक सांगायचा. या नियमांवरून कुणी प्रबंध लिहिला तर तो लिहील की १९६० च्या दशकात अमेरिकेत नागरिकांनी अल्प अंतरावर, कामापुरता, शिस्तीत रेडिओ वापरला. तळटीपाही सगळ्या बरोबर असतील.

आता दुसरं, भौतिक साधन. तळघरातली ती फळी.

सुरुवातीच्या संचांत चॅनल बदलायचा म्हणजे आत क्रिस्टल बसवायचा. क्रिस्टल म्हणजे क्वार्ट्झचा नेमक्या जाडीचा काप. तो एकाच ठरावीक वेगाने थरथरतो, म्हणून त्याच्यावर रेडिओचा सूर पक्का बांधता येतो. एका चॅनलला दोन लागत, एक बोलायला आणि एक ऐकायला. सगळे २३ चॅनल हवेत तर शेहेचाळीस! ते कुणाला परवडणार? म्हणून त्या संचांत मोजक्याच चॅनलची जागा असे आणि लोक हवे तेवढे क्रिस्टल विकत घेऊन खोबणीत बसवत. पुढे कमी क्रिस्टलमध्ये सगळे चॅनल मिळवायची युक्ती आली. पण त्या जुन्या संचाचं झाकण उघडलं की आत जे क्रिस्टल राहिलेत त्यांवरून समजतं, हे घर कोणकोणत्या चॅनलवर बोलायचं. शेजारच्या गृहस्थांकडे मिनेसोटातल्या ई. एफ. जॉन्सन कंपनीचे दोन 'मेसेंजर' आहेत. ते एकाच गावातल्या दोन घरांतून आलेत आणि दोन्हींत एक चॅनल सारखाच आहे. ही दोन घरं एकमेकांशी बोलत असणार. हे कुठल्याही कागदावर नाही, फक्त त्या खोबणीत आहे.

मग मोठी धेंडं. 'ब्राउनिंग गोल्डन ईगल' आणि 'ट्रॅम डी-२०१'. जुने सीबी संच जमवणाऱ्यांत या दोन नावांना फार मान. गंमत म्हणजे दोन्ही न्यू हॅम्पशायरचेच. ब्राउनिंग लॅबोरेटरीज लॅकोनिया गावची आणि ट्रॅम शेजारच्या विनिस्क्वॅमची. नॅशुआहून मोटारीने तासा-दीड तासावर, तळ्यांच्या प्रदेशात. इतक्या छोट्या गावांतून हे संच देशभर गेले. ब्राउनिंग कंपनीचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते ग्लेन ब्राउनिंग १९२० च्या दशकात 'ब्राउनिंग-ड्रेक' या घरगुती रेडिओमुळे आधीच प्रसिद्ध होते. गोल्डन ईगलच्या दोन वेगळ्या पेट्या, एक ऐकायची आणि एक बोलायची. बोलायचं बटण दाबलं की 'पिंग' असा एक बारीक आवाज लहरींवर जातो. त्यावरून ऐकणाऱ्याला समजायचं, हा ब्राउनिंगवाला. शेजारच्या गृहस्थांनी मला तो आवाज ऐकवला तेव्हा त्यांचा चेहरा, आपल्याकडे कुणी जुनं घुंगरू वाजवून दाखवावं, तसा झाला होता.

आता विचार करा. नियम म्हणतात पाच मिनिटं, कामापुरतं. आणि हा संच? वजनाने उचलवत नाही. समोर चकाकणारी पट्टी, बाणासारखी सुई, खुर्चीवर बसून तासन् तास वापरता येईल अशी बटणं. पाच मिनिटांच्या निरोपासाठी कुणी एवढं घेत नाही हो. ऐकायच्या पेटीला टकटक असे ठरलेले थांबे नाहीत. एका चॅनलपासून दुसऱ्यापर्यंत सलग फिरणारी चकती आहे, म्हणजे दोन चॅनलच्या मधे कुणी बोलत असेल तर तेही ऐकू यावं. कायद्याने मधे कुणी बोलायलाच नको होतं! काही संचांच्या मागे जास्तीची भोकं पाडून वायरी बाहेर काढलेल्या आहेत. त्यांना मधल्या जागी बोलायची जोडयंत्रं लावायचे किंवा पाच वॉटचे शेकडो वॉट करणारे वर्धक. दोन्ही बेकायदा. यंत्र बोलत नाही, पण मालकाचं बिंग फोडतं.

आणि या सगळ्यात सूर्याने भर घातली. २७ मेगाहर्ट्झच्या लहरी एरवी जवळपासच जातात. पण सूर्यावरचे डाग वाढतात त्या काळात वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून त्या परत खाली येतात, हजार-दोन हजार मैलांवर. तिकडे याला 'स्किप' म्हणतात. आणि १९५७-५८ हा काळ मोजणी सुरू झाल्यापासूनच्या सर्वांत जास्त सौरडागांचा! म्हणजे सरकारने जवळच्या अंतरावर बोलण्यासाठी पट्टा उघडला तोच मुळी सूर्य हजारो मैलांचे दरवाजे उघडून बसलेला असताना. कॅलिफोर्नियातला माणूस न्यू हॅम्पशायरच्या स्वयंपाकघरात ऐकू आल्यावर 'माफ करा, तुम्ही दीडशे मैलांपलीकडे आहात' असं म्हणून बटण बंद कोण करणार? लोक बोलत. बोललो याची आठवण म्हणून पोस्टाने छापील कार्डं पाठवत. त्यांवर परवाना क्रमांक, टोपणनाव आणि एखादं व्यंगचित्र. म्हणजे नियमभंगाची पोचपावती स्वतःच्या हाताने सही करून! शेवटी २०१७ मध्ये एफसीसीने ती अंतराची अटच काढून टाकली.

तर साधनं भांडली की काय करायचं याचं मला समजलेलं उत्तर असं: नियमावरून कळतं सरकारला काय हवं होतं, आणि वस्तूवरून कळतं माणसांना काय हवं होतं. दोन्ही खरंच, पण दुसरं लवकर नष्ट होतं. नियम दफ्तरात सुरक्षित राहतात. वस्तू भंगारात जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्वच्छ केली जाते. याकडे पुढे येते.

माणसांना काय हवं होतं? मला वाटतं, सोबत. हे संच कुठे ठेवलेले असत? स्वयंपाकघरात, तळघरात, गॅरेजमध्ये. लांबलांब घरं, लांब हिवाळा, मुलं शाळेत, नवरा कामावर. १९६२ मध्ये 'रिअॅक्ट' नावाची स्वयंसेवकांची संघटना निघाली. ही मंडळी घरी बसून आळीपाळीने ऐकत राहत आणि कुणी अडचणीत असेल तर पोलीस किंवा दवाखान्याला फोन करत. १९७० मध्ये नऊ नंबरचा चॅनल संकटकाळासाठी राखून ठेवला गेला. काळ्या लोकांचे स्वतःचे सीबी क्लब होते, त्यांच्या गप्पांचे स्वतःचे रिवाज होते. रेडिओवर कातडीचा रंग दिसत नाही असं आपण म्हणू, पण बोलीवरून माणूस ओळखू येतोच. तेव्हा लहरींवरही वस्त्या पडल्या होत्या.

पुढचा भाग बऱ्याच जणांना सिनेमा-गाण्यांतून माहीत असेल. १९७३ च्या अखेरीस तेलसंकट आलं. पेट्रोल-डिझेलचा तुटवडा झाला आणि १९७४ च्या सुरुवातीला देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. ट्रकवाले चिडले. पंप कुठे उघडा आहे, पोलीस कुठे लपलाय हे एकमेकांना सांगायला त्यांनी सीबी घेतला. मग सगळ्या देशाला त्याचं वेड लागलं. ट्रकवाल्यांवरचं 'कॉन्व्हॉय' हे गाणं जानेवारी १९७६ मध्ये लोकप्रियतेत पहिलं आलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी 'फर्स्ट मामा' हे टोपणनाव घेऊन सीबीवर प्रचार केला. परवान्याची फी २० डॉलरवरून १९७५ मध्ये ४ डॉलर झाली आणि १९७७ च्या सुरुवातीला तीही गेली. अर्जांचे ढीग इतके वाढले की १९७६ मध्ये तात्पुरता परवाना निघाला. त्याचा क्रमांक माणसाने स्वतःच बनवायचा: आधी के हे अक्षर, मग आपल्या नावाची आद्याक्षरं, मग आपला पिनकोड.

इतिहासाच्या बाईला याहून मोठी मेजवानी कुठली? संचाच्या मागे चिकटवलेल्या त्या चिठ्ठीवरून मालकाची आद्याक्षरं समजतात आणि गाव समजतं. आधीच्या काळचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे असत. म्हणजे नाण्यावरच्या लिपीवरून काळ ठरवावा तसा चिठ्ठीवरून संचाचा काळ साधारण ठरवता येतो.

पण याच लाटेने व्हॉल्व्हच्या बेस स्टेशनचा शेवट जवळ आणला. मोटारीत ट्रान्झिस्टर आधीच आले होते, कारण व्हॉल्व्ह बॅटरी खातात. घरी भिंतीतून वीज मिळते म्हणून तिथे व्हॉल्व्ह टिकून राहिले होते. १ जानेवारी १९७७ पासून २३ चे ४० चॅनल झाले आणि पुढच्या वर्षापासून २३ चॅनलचे नवे संच दुकानात विकायलाच बंदी आली. व्यापाऱ्यांकडे माल पडून राहिला, किमती कोसळल्या, कंपन्या बुडाल्या. १९८३ मध्ये परवान्याची गरजही संपली. परवाना गेला आणि त्याबरोबर कोण बोलतंय याची सरकारी नोंद ठेवण्याचं कामही संपलं. व्हॉल्व्हचे संच माळ्यावर गेले, तळघरात गेले.

तिथून ते जमवणाऱ्यांच्या हाती आले. शेजारचे गृहस्थ एखादा संच आणतात तेव्हा तो लगेच लावत नाहीत. पन्नास-साठ वर्षं पडून राहिलेल्या संचातले कंडेन्सर वाळलेले असतात. एकदम पूर्ण वीज दिली तर फुटतात आणि ट्रान्सफॉर्मरही जाळतात. ते आधी शंकास्पद कंडेन्सर बदलतात, मग व्हेरिअॅक नावाच्या यंत्राने वीज थोडी थोडी वाढवत नेतात. (मुलगा म्हणाला, आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजात याला डिमरस्टॅट म्हणतात.) एका हाताने काम करतात, दुसरा हात खिशात. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि दोन्ही हात लागले तर वीज छातीतून जाते. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण शिस्त सुटलेली नाही.

यंत्र चालू करणं हा हौसेचा एक भाग. दुसरा भाग बाहेरच्या रूपाचा आणि तिथे या मंडळींत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, संच कारखान्यातून निघाला तसा दिसला पाहिजे. पेटी घासून नवा रंग द्या, चिठ्ठ्या काढा, जास्तीची भोकं बुजवा. दुसरा म्हणतो, जसा आहे तसा ठेवा. गेल्या खेपेला आम्ही तिथे असताना हा वाद प्रत्यक्षच उभा राहिला. गृहस्थांची तब्येत खालावली होती. लेक लांबच्या राज्यात राहते, तिला या पेट्या ठेवायला जागा नाही. तेव्हा संग्रह विकायचं ठरलं. एक खरेदीदार आला, माणूस सज्जन, पैसेही चांगले देत होता. एका गोल्डन ईगलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली यादी होती: पंधरा-सोळा टोपणनावं, त्यांच्यापुढे चॅनल आणि काहींवर आडवी रेघ. खरेदीदार म्हणाला, हे झाकण मी पहिल्यांदा रंगवून घेईन.

गृहस्थ काही बोलले नाहीत. मी मात्र नातवाला म्हटलं, "आजोबांना विचार, या रेघा कसल्या?"

त्यांनी मान हलवली. "टीचर, मला माहीत नाही. गाव सोडून गेले असतील. वारले असतील. भांडण झालं असेल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आडवी रेघ मारणारा हात कुणाचा, ते आता कधीच समजणार नाही. पण रेघ आहे तोवर निदान प्रश्न तरी विचारता येतो. रंग दिला की प्रश्नही गेला. आणि हे कुणी वाईट हेतूने करणार नव्हतं, वस्तूवरच्या प्रेमापोटीच करणार होतं. आपल्याकडे देवळांच्या दगडी भिंतींना भक्तिभावाने ऑइलपेंट फासतात, तशातली गत.

दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली आणि शाळेत करायचो तसं डेडस्टॉक रजिस्टर आखलं. अनुक्रमांक, वस्तूचं नाव, कंपनी, कारखान्याचा नंबर, आतले क्रिस्टल, मागची चिठ्ठी, हाताने लिहिलेला मजकूर, पाडलेली भोकं, कुठून आला, शेरा. नातवाने प्रत्येक संचाचे सहा फोटो काढले: समोरून, मागून, झाकणाच्या आतून वगैरे. गृहस्थ खुर्चीवर बसून सांगत गेले, हा अमुक शेतावरच्या लिलावातून, हा एका विधवेने नुसता देऊन टाकला. अकरा दिवस लागले. संच विकले गेले तेव्हा प्रत्येकाबरोबर त्याच्या पानाची प्रत दिली. त्या खरेदीदारालाही दिली. त्याने पान वाचलं, यादीचा फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला की झाकण बाहेरूनच रंगवीन. एवढं झालं, पुष्कळ झालं.

राहिलं तिसरं साधन, मौखिक. तेच या गोष्टीतलं सर्वांत मोठं रिकामं घर आहे. लाखो माणसं वीस-पंचवीस वर्षं रोज बोलली. त्यातलं काही थोड्यांनी हौसेने टेपवर घेतलेलं असेल. बाकी सगळं हवेत गेलं.

यावरून मला आपल्या मुंबईची आठवण झाली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चले जाव चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. तोही व्हॉल्व्हचाच ट्रान्समीटर आणि तोही घराघरांतून हलवत नेलेला. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडलं. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या रेडिओवर काय बोललं गेलं, ते आज बरंचसं वाचायला मिळतं. का? कारण पोलीस ते ऐकून लिहून घेत होते! उषा ठक्कर यांच्या २०२१ च्या पुस्तकात ते मजकूर छापलेत. म्हणजे ज्यांना बोलायला बंदी होती त्यांचे शब्द सरकारने जपले आणि ज्यांना बोलायची मोकळीक होती त्यांचे शब्द कुणीच जपले नाहीत. इतिहासाचं हे असं उलटं गणित असतं. दफ्तरात बहुधा तेच शिल्लक राहतं, ज्याची कुणालातरी भीती वाटली होती.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं नुसता रेडिओ ऐकायलाही परवाना लागायचा. पोस्टात जाऊन पुस्तकावर तिकिटं लावून आणायची. वडिलांचं ते पुस्तक मला आठवतं. हे लायसन्स १९८० च्या दशकात रद्द झालं. कमी शक्तीचा सीबी परवान्याशिवाय वापरायची मुभा आपल्याकडे २००५ मध्ये मिळाली, तोवर हातोहाती मोबाइल आले होते. त्यामुळे आपल्या घरातल्या रेडिओला कान नव्हते, फक्त तोंड होतं. तो बोलायचा आणि आपण ऐकायचो. तिकडच्या या संचांना दोन्ही होतं. माझ्यासारखीला त्यांचं एवढं अप्रूप वाटायचं कारण बहुधा हेच.

असो. लेख लांबला. पण नातेवाईक मंडळींना एक विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुना रेडिओ, शिवणयंत्र, आजोबांची लोखंडी ट्रंक, काहीही खाली आलं तर ओलं फडकं मारण्याआधी जरा उलटं करून बघा. मागे चिठ्ठी आहे का, पेन्सिलीने कुणी काही लिहिलंय का, एखादं नाव खोडलंय का. वस्तू नंतर ठेवा, द्या किंवा भंगारात घाला, तुमची मर्जी. आधी तेवढं वहीत उतरवा आणि फोटो काढा. रकाने कसे आखायचे ते वर सांगितलंच आहे.